लाल दोऱ्याची दुमड

आपाच्या शिलाई मशीनच्या पायडलवर लाकडाचा एक ठोकळा तारेनं आवळून बांधलेला होता. तिचा पाय पायडलपर्यंत पोचत नसे. खुर्चीवर दोन जाड उशा, पायाखाली ठोकळा आणि मधे आपा. नवा माणूस दुकानात डोकावला की विचारायचा, "टेलर कुठं आहे?" मग मशीनच्या मागून आवाज यायचा, "खाली पाह्य ना बाबू. आभायात काय पाहून राह्यला?"

तिच्याविषयी मी इतकी वर्षं कुणाजवळ मोकळेपणी बोलले नाही. गावात तिच्या गोष्टी निघाल्या की मी हसायच्या ठिकाणी हसायची आणि चहा ठेवायच्या निमित्तानं उठून जायची. तिच्याबद्दल बोलायचं तर माझ्याबद्दलही बोलावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं. आता पन्नाशी उलटली आहे. एवढ्या उशिरा लपवून तरी काय करायचं?

आमचं गाव ढाणकीच्या अंगाला. आपाचा भाऊ ढाणकीत मोटारसायकली दुरुस्त करायचा. आपा मात्र आमच्या गावात, बसथांब्याच्या समोर, एका खोलीत राहायची आणि तिथंच शिवायची. लग्न केलं नाही. कुणी का म्हणून विचारलंच तर म्हणायची, "माह्या मापाचा भेटला नाही." गावातल्या लेकरांचे कपडे सगळे तिच्याकडं. मी अंगणवाडीची सेविका. म्हणजे त्याच लेकरांची वजनं-उंच्या मोजून रजिस्टरात लिहिणं हे माझं काम. एका परीनं आम्ही दोघी एकच धंदा करत होतो. तिची टेप खरी होती, एवढाच फरक.

वाढत्या मापाचे कपडे कुणाला माहीत नाहीत? फ्रॉक मोठा बेतायचा, खालचा काठ आत दुमडून शिवायचा, आणि लेकरू वाढलं की दुमड उसवून फ्रॉक लांब करायचा. कापसानं दगा दिला त्या वर्षांत एक फ्रॉक तीन-तीन दिवाळ्या चालवावा लागे. आपा म्हणायची, "तुमच्या वावरात काय पिकलं थे मले सांगू नका. बोंडं चांगली फुटली का दुमड दोन बोटं, अळीनं खाल्ली का चार बोटं." पण दुसरे शिंपी दुमड कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवत, दिसू नये म्हणून. आपा कापड कुठल्याही रंगाचं असो, लाल दोरा घ्यायची आणि मोठाले टाके टाकून धावदोरा घालायची. पिवळ्या फ्रॉकला लाल, हिरव्या परकराला लाल. बाया कुरकुरत. "आपा, चांगल्या कपड्याचा तमाशा करून टाकता."

"दिसाले पाह्यजे," आपा म्हणायची. "दोरा दिसला का ध्यानात राह्यते."

दुसरा नियम असा, की दुमड घरी उसवायची नाही. लेकराला घेऊन दुकानात यायचं. आपा त्याला दाराच्या चौकटीशी टाचा टेकवून उभं करायची, फ्रॉक गुडघ्याच्या किती वर गेला ते बघायची, मग कात्रीच्या टोकानं लाल दोरा उसवायची. दोरा अख्खा निघाला पाहिजे, तुटता कामा नये. तो ती बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि कात्रीची मूठ डब्यावर तीनदा हाणायची. ठण, ठण, ठण. बसथांब्यावरच्या माणसांनाही कळायचं, कुणाचं तरी लेकरू वाढलं. बिस्किटांचा जगात हा एवढा एकच उपयोग आहे, असं तिचं म्हणणं.

बिस्किटांशी तिचं वैर होतं. वेचणीच्या दिवसांत बाया पहाटेच वावरात जात. घरी म्हातारी आणि लेकरं. लेकरू रडलं की कपभर चहा आणि बिस्किटाचा पुडा. दुपारी वरणाचं वरचं पाणी आणि भात. आपानं यावर काढलेला उपाय म्हणजे खिसा. तिनं शिवलेल्या प्रत्येक कपड्याला, मुलीच्या फ्रॉकलासुद्धा, पोटावर एक मोठा खिसा असायचा. त्यात आईनं सकाळी दाण्याचा कूट आणि गुळाचा लाडू ठेवून मगच वावरात जायचं. कपडा दुरुस्तीला आला की आपा पहिल्यांदा खिसा नाकाशी न्यायची.

"ह्यात दाण्याचा वास काहून नाही वो?"

"धुतला आपा कालच."

"कूट धुतल्यानं जाते, तेल नाही जात. मले शिकवू नको."

बाप्यांनाही तिनं सोडलं नव्हतं. पॅन्टीची चेन बसवायला आलेल्या माणसाला ती विचारायची, "तुह्या पोट्ट्यानं आज काय खाल्लं?" तो डोकं खाजवायचा. "बायकोले माहीत." मग पॅन्ट खुंटीला. "पोट्टं बायकोचं एकटीचं आहे का? जाऊन पाह्य, त्याच्या वाटीत काय होतं थे सांग, मंग चेन लावतो." लेकराला वेगळी वाटी हवी, सगळ्यांच्या ताटात जेवलं की ते किती जेवलं ते कुणालाच कळत नाही, हे तिनं बाप्यांच्या गळी असंच उतरवलं. एकजण तर टॉवेल गुंडाळून घरी गेला आणि परत येऊन बसथांब्यावरूनच ओरडला, "आपा, घट्ट वरण आणि अर्धं अंडं." गाव हसलं. पण त्याच्या घरी त्या दिवसापासून वाटी वेगळी झाली.

हे सगळं माझ्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात होतं. सहाव्या महिन्यानंतर घट्ट अन्न, दिवसातून चार-पाचदा, वर चमचाभर तेल, अंडं, दूध, डाळ, हिरवी भाजी. मला पाठ होतं. मी ते बायांना म्हणूनही दाखवायची. आणि माझ्या घरी माझी मुलगी, मुक्ता, चहात बिस्किट बुडवून खायची.

सासूबाईंचं स्वयंपाकघर होतं ते. मी दहाला अंगणवाडीत जाई, दुसऱ्यांच्या लेकरांना खिचडी वाढी. मुक्ताला घेऊन जाते म्हटलं तर सासूबाई म्हणत, "आपल्या घरी खाले नाही का? लोकं काय म्हणतीन?" मी गप्प. गप्प बसणं हा माझा स्वभाव, असं मी स्वतःला सांगत आले. तो भित्रेपणा होता.

रजिस्टराचंही तसंच. उंची मोजायची पट्टी आली तेव्हापासून कोपऱ्यात उभी होती. लेकराला तिच्यापाशी सरळ उभं करायचं म्हणजे अर्धा तास रडारड. मी मागच्या महिन्याच्या आकड्यात थोडी भर घालून लिहून टाकायची. सगळी लेकरं माझ्या रजिस्टरात नेमानं वाढत होती. मुक्ता त्यांच्यात सगळ्यात नेमानं.

मुक्ताचा पिवळा फ्रॉक आपानं ती दोन वर्षांची असताना शिवला होता. पुढची दिवाळी आली. गावात डबा वाजत होता. मुक्ताला घेऊन मी गेले तेव्हा आपानं तिला चौकटीशी उभं केलं, खाली वाकून बघितलं आणि कात्री बाजूला ठेवली.

"मॅडम," ती हळू म्हणाली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. "वर्ष झालं. फ्रॉक होता तिथंच आहे."

"तिच्या अंगानंच लहान आहे ती. तिचे बाबा पण..."

"तिचा बाप मी पाह्यला ना लहानपणी. उगी नाव नको घेऊ त्याचं."

मला राग आला. ती खोटं बोलत असती तर आला नसता. त्यानंतर आठ दिवसांनी अंगणवाडीत बायांची बैठक होती. बोलता बोलता एका म्हातारीनं विचारलं, "बाई, ते आपा लेकरायले चौकटीले लावून मोजते, त्यानं वाढ खुंटते म्हणतात. खरं का?" सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या. लेकरं मोजायचा पगार सरकार मला देत होतं. मी एका शब्दात नाही म्हणायला हवं होतं. मी रजिस्टर उघडलं, त्यात बघत म्हटलं, "आता जुनी माणसं म्हणतात, तर काही तरी असेलच."

एवढंच. त्याच्यापुढं मी काही केलं नाही आणि काही करावंही लागलं नाही. पुढच्या आठवड्यापासून बायांनी लेकरं आपाकडं न्यायचं सोडलं. कपडे ढाणकीला शिवायला जाऊ लागले. हिवाळाभर तो डबा वाजला नाही. अंगणवाडीच्या खिडकीतून मला तिचं दुकान दिसायचं. आपा उशांवर बसून जुन्या गोधड्यांना टाके घालत असायची. तिनं मला कधी विचारलं नाही. त्या तीन महिन्यांत ज्या लेकरांची दुमड कुणी बघितली नाही, ती लेकरं मला एकेक करून आठवतात.

आणि मुक्ताचा लाल दोरा तसाच. गावातल्या सगळ्यांना त्या दोऱ्याचा अर्थ माहीत. सेविकेच्या मुलीच्या फ्रॉकला सव्वा वर्षाचा लाल दोरा. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन होतं, लेकरांची फेरी निघणार होती. पंचवीस तारखेच्या दुपारी सासूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी आत बसून ब्लेडनं ती दुमड उसवली. आपाचा दोरा चिवट, तो अख्खा निघाला. फेकवेना म्हणून रजिस्टराच्या पुठ्ठ्यात सरकवला. दुमडीची खूण इस्त्रीनं मोडली.

सकाळी फ्रॉक मुक्ताच्या पोटऱ्यांच्याही खाली गेला. हातात कागदी झेंडा घेऊन ती चार पावलं चालली, पाचव्याला काठात पाय अडकला आणि तोंडावर पडली. हनुवटी फुटली. दोन-चार जण हसले, लेकरू पडलं की हसतात तसे. मी उचलायला धावले तेव्हा आपा कडेला उभी होती. तिनं आधी फ्रॉकचा काठ बघितला, मग मला.

दुपारी ती घरी आली. पहिल्यांदाच. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. तिनं ओट्यावर बसून मुक्ताला पुढ्यात उभं केलं, सुईत लाल दोरा ओवला आणि अंगातल्या फ्रॉकची दुमड पुन्हा घालू लागली. चार बोटं. एकेक टाका. मी दारात उभी.

"दोरा काढल्यानं लेकरू वाढत नाही, बाई," ती म्हणाली. मॅडम म्हणाली नाही.

मी रडायला लागले.

"रडू नको, मले सुई दिसत नाही." जसं काही रडत तीच होती. "रजिस्टरात काय लिहिलं हिचं?"

"नॉर्मल."

"अन् बाकीच्यायचं?"

तिनं टाका ओढला. "माह्याकडं पाह्य. माह्या मायनं माह्या सलवारीले दुमड घातली होती, मी तीन वर्षांची होतो तवा. चांगली चार बोटं. थे उसवाचं कामच पडलं नाही कधी." गाठ मारून तिनं दोरा दातानं तोडला. "अजून वेळ आहे हिची. जास्त नाही, पण आहे. सासू कोठी गेली तुह्यी?"

मला वाटलं ती सासूबाईंशी भांडेल. पण आपा माणसाला पुस्तकातलं शिकवत बसायची नाही. सासूबाई परत आल्या तशी तिनं त्यांना विचारलं, "काकी, तुमच्या पोराचा लहानपणचा एखादा सदरा आहे का वो जपून ठेवला?"

माझ्या नवऱ्याचा तिसऱ्या वर्षीच्या पोळ्याचा सदरा सासूबाईंच्या पेटीत होता. त्यांनी तो मोठ्या कौतुकानं काढून आणला. आपानं तो मुक्ताला घातला. पोरीला तेव्हा तीन वर्षं उलटून तीन महिने झाले होते. सदऱ्याचे खांदे तिच्या दंडांवर उतरले, बाह्यांतून बोटंही बाहेर येईनात. अंगणात पिशवी घातल्यासारखी उभी होती.

सासूबाई बघत राहिल्या. मग सदऱ्याच्या पोटावरच्या काजाला बोट लावून म्हणाल्या, "हा त्याले तंग होत होता. बटन तुटलं होतं पोटावरचं."

"काय चारत होत्या तुम्ही त्याले?"

"काय म्हणजे? घरची ज्वारी होती. भाकर दुधात कुस्करून देत होतो. तुरीचं वरण, असं बोट उभं राहीन असं. मोहरीची नाही तं शेवग्याची भाजी. म्हशी होत्या दोन."

"मंग आता?"

सासूबाईंनी सांगितलं ते मला पुस्तकात कधी मिळालं नव्हतं. सगळ्या वावरात कपाशी लावली, ज्वारी गेली. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा नाही म्हणून म्हशी विकल्या. राहिलं विकतचं पावशेर दूध, ते चहालाच पुरायचं.

"नातीनं काय घोडं मारलं तुमचं?" आपानं विचारलं, पण आवाज मऊ होता. आणि तिनं गळ्यातली टेप काढून सासूबाईंच्या गळ्यात घातली. "आता तुम्ही मोजा. दर महिन्याले. तुमच्या हातानं काही दृष्ट लागत नाही."

मोजल्यानं वाढ खुंटते असं गावात सगळ्यात मोठ्यानं म्हणणारी बाई म्हणजे माझी सासू. ती गळ्यात टेप घालून घरोघर हिंडू लागली तेव्हा ती अफवा आपोआप मेली. मला माझे शब्द परत घ्यावे लागलेच नाहीत. कुणी म्हटलं नाही, बाई, तुम्ही तर असं बोलल्या होत्या. आपानं मला त्यातून अलगद सोडवलं, आणि मी सुटले. तेच आजवर टोचतं.

माझ्या वाट्याचं एक मात्र मी केलं. कोपऱ्यातली पट्टी पुसून भिंतीला ठोकली. आपा लेकराच्या टाचा धरायची, मी डोकं धरायची, सासूबाई पुढ्यात टाळ्या वाजवायच्या म्हणजे लेकरू समोर बघेल. खरे आकडे लिहिले. महिन्याच्या बैठकीत पर्यवेक्षिका मॅडमनी रजिस्टर दोनदा चाळलं.

"एवढी लेकरं एकाच महिन्यात खुरटी कशी झाली?"

"एका महिन्यात नाही झाली मॅडम. मी या महिन्यात मोजली."

मला कारणे दाखवा नोटीस आली. नोकरी जाते की काय म्हणून मी दोन आठवडे जेवले नाही धड. आपा म्हणाली, "तू तं खा. नाही तं तुह्याही साडीले लाल दोरा लावतो." नोकरी राहिली. नोंदीत ताकीद पडली, ती अजून आहे, आणि माझ्या कागदांत तेवढाच एक कागद मला दाखवावासा वाटतो.

त्या साली सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला पुढं घालून कपाशीच्या धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, आठ ओळी मोडायला लावल्या आणि तिथं ज्वारी पेरली. घरात अंडं येऊ दिलं. त्याच्यासाठी वेगळी कढई आली, पण आलं. मुक्ताला पितळेची वाटी मिळाली, नवऱ्याचीच जुनी. आजी समोर बसून ती रिकामी होईपर्यंत उठायची नाही. चहा बंद झाला तेव्हा पोरीनं दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी दुधात कुस्करलेली भाकर मागून घेतली. दुसऱ्या घरच्या म्हाताऱ्याही पेट्या उघडू लागल्या. ज्याच्या-त्याच्या बापाचे सदरे लेकरांना घालून बघायचं वेडच लागलं गावाला. ज्या म्हातारीनं मला तो प्रश्न विचारला होता, ती सगळ्यात पुढं.

पुढच्या दिवाळीआधी आपाच्या दुकानासमोर रांग होती. कापूस त्या वर्षीही काही बरा नव्हता. नवे कपडे थोड्यांनाच. पण जुन्यांच्या दुमडी उसवायच्या होत्या. सकाळपासून डबा वाजत होता. ठण, ठण, ठण. बसचा कंडक्टर खाली उतरून विचारू लागला, काय भानगड आहे. मुक्ताचा नंबर आला. तिनं आपणहून चौकटीशी टाचा टेकवल्या, हनुवटीवरचा व्रण वर करून. काठ गुडघ्याच्या चांगला चार बोटं वर. आपानं कात्री सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंनी एकेक टाका जपून उसवला, दोरा तुटला नाही. आपानं डबा तीनदा वाजवला, मग थोडं थांबून चौथ्यांदा. तो चौथा ठोका कुणासाठी होता हे तिनं कधी सांगितलं नाही.

बाया टाळ्या वाजवत होत्या, माझ्याकडं बघून. बाईंनी गाव सुधारलं, म्हणत होत्या. पुढं तालुक्याला माझा सत्कारही झाला, शाल-श्रीफळ. मी भाषणात आपाचं नाव घेतलं, मोठ्यानं घेतलं. बैठकीतलं ते वाक्य मात्र सांगितलं नाही.

आपा म्हातारपणी पुसदला भाचीकडं गेली. मागच्या महिन्यात मी मुक्ताला घेऊन तिला भेटायला गेले. मुक्ता आता लेकीची आई आहे. तिची लेक दोन वर्षांची, तिच्यासाठी आणलेल्या फ्रॉकची दुमड आपानं घालावी असा मुक्ताचा हट्ट होता. आपाला आता डोळ्यांनी कमी दिसतं. आधीच लहानशी, ती खाटेवर एवढीशी झाली आहे. तिनं नातीला बाजूला बसवलं आणि म्हणाली, "आधी हिच्या मायले चौकटीले लावा. किती झाली मले पाहू द्या."

मुक्ता उभी राहिली. आपा खालपासून हात फिरवत वर गेली, गुडघा, कंबर, खांदा, आणि तिथं हात थांबला. टाचा उंचावल्या तरी डोकं सापडेना. "हे कोठी गेली बाप्पा," ती पुटपुटली. "बाई, स्टूल आण."

मी स्टूल आणलं. उशाशी ठेवलेली टेप आणि कात्री घेऊन ती चढली. मी दोन्ही हातांनी स्टूल धरून खाली बसले. माझं तोंड तिला दिसत नव्हतं, आणि तिचं मला. तेव्हा मी बोलले. ती बैठक, तो प्रश्न, माझं उत्तर, त्यानंतरचे तीन महिने. मुक्ताच्या देखत. पदराच्या गाठीतून तो लाल दोरा काढला, पंचवीस जानेवारीचा, तोही तिच्या पायाशी ठेवला.

वर टेप सळसळली.

"माहीत आहे मले," आपा म्हणाली. "बैठक झाली त्याच दिवशी तुह्या सासूनं येऊन सुनावलं, आमची सूनही तेच म्हणते म्हून. तू कधी सांगतं म्हून वाट पाहून राह्यली होतो." टेपचं टोक माझ्या कपाळाला लागलं. "लई उशीर लावला. आता स्टूल नीट धर, हलवू नको. पोरीचं डोकं भेटलं मले."

आणि तिनं कात्रीची मूठ चौकटीवर तीनदा हाणली.